नाकाबंदीत अडवलं आणि गुन्हा दाखल झाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न पक्षकारांनी आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. उत्तरं महाराष्ट्राला धरून आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. खाली त्यांना ‘न्याय संहिता’ आणि ‘सुरक्षा संहिता’ म्हटलं आहे. मोटार वाहन कायदा १९८८चाच आहे, पण दंडाचे आकडे २०१९च्या दुरुस्तीनंतरचे आहेत.

१. मला वाटलं दंड भरला की विषय संपला. आता पोलीस म्हणतात कोर्टात यावं लागेल. चलान आणि गुन्हा यात फरक काय?

तुमच्या हातातला कागद नीट वाचा. हेल्मेट नाही, सीटबेल्ट नाही, इन्शुरन्स संपलेला, गाडी चालवताना हातात मोबाईल, अशा गोष्टी मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली तडजोड शुल्क भरून मिटतात. आपण ‘चलान’ म्हणतो ते हेच. लोक अदालतीत निकाली निघतात तीही अशीच प्रकरणं.

दारू पिऊन गाडी चालवणं (कलम १८५) तडजोडीच्या यादीत नाही. धोकादायक पद्धतीने गाडी चालवणं (कलम १८४) हेसुद्धा, मोबाईलचा भाग सोडला तर, यादीत नाही. ही प्रकरणं कोर्टातच जातात. पोलिसांनी याशिवाय न्याय संहितेचं एखादं कलम लावलं, उदाहरणार्थ २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणं) किंवा १२५ (दुसऱ्याच्या जिवाला धोका), तर एफआयआर होतो. कागदावर ‘गु. र. क्र.’ (गुन्हा रजिस्टर क्रमांक) आणि पोलीस ठाण्याचं नाव दिसलं, तर ते चलान नाही.

२. मग वकील लागेलच का?

चलानाला नाही. कलम १८५च्या पहिल्या केसमध्ये वकील देण्याची सक्ती नाही, पण पहिल्या तारखेच्या आधी एकदा कागद दाखवून घ्या, कारण प्र. ९ मध्ये आहे. एफआयआर झाला असेल, अटक झाली असेल, कोणी जखमी असेल किंवा गाडीत काही सापडलं असेल, तर त्याच दिवशी वकील गाठा.

३. पोलिसांनी हात दाखवल्यावर मला काय दाखवावं लागतं आणि किती बोलावं लागतं?

गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवणं बंधनकारक आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रतही चालते. नाव, पत्ता खरा सांगा.

त्यापुढचं ‘कुठून आलात, किती घेतली, कोणाबरोबर होतात’ हे वेगळं. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, आणि पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून वापरता येत नाही. तरीही ‘साहेब, दोनच घेतल्या होत्या’ हे वाक्य जवळपास प्रत्येक केसमध्ये असतंच. न्यायालयात त्याचं काय होईल ते नंतरचं, पण रस्त्यावर त्यामुळे तुमचा काहीच फायदा होत नाही. ‘मला याबद्दल वकिलाशी बोलून सांगायचंय’ एवढं शांतपणे म्हणा. आवाज चढला की प्र. १४ मधलं प्रकरण सुरू होतं.

४. मशीनमध्ये फुंकायला नकार दिला तर पुरावाच राहणार नाही ना?

उलट होतं. दारू प्यायल्याचा वाजवी संशय असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ खाली पोलीस श्वासाचा नमुना मागू शकतात. नकार दिलात तर विनावॉरंट अटक करता येते, आणि कलम २०५ नुसार सबळ कारण नसलेला नकार तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारी बाब धरता येतो. दम्यासारख्या त्रासामुळे फुंकता येत नसेल तर ते तिथेच सांगा आणि रक्त तपासणीची तयारी दाखवा. ती तयारी नोंदवून घ्यायला सांगा.

५. मशीनवर आकडा आला. म्हणजे केस संपलीच ना?

नाही. पण व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं ‘कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागा, केस उडते’ असंही नाही.

कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे. त्याहून जास्त असल्याचं सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. मशीनची छापील पट्टी घ्या. तिच्यावरचं नाव, वेळ, मशीनचा क्रमांक आणि तुमची सही तपासा. मशीनची शेवटची तपासणी कधी झाली हा प्रश्न वकील योग्य वेळी साक्षीदाराला विचारेल. तो रस्त्यावर घालायचा वाद नाही. नुकतंच माउथवॉश वापरलं असेल किंवा अल्कोहोल असलेलं औषध घेतलं असेल तर तोंडातला अंश थोड्या वेळाने ओसरतो. म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्या अशी विनंती करा. प्यायलेच असाल तर या युक्तीने आकडा फारसा हलत नाही, हेही लक्षात ठेवा.

कलम १८५ खाली अटक केली असेल तर कलम २०२ नुसार अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. म्हणून अटकेची आणि तपासणीची वेळ या दोन नोंदी महत्त्वाच्या. आणि नुसता तोंडाला वास येतो, डोळे लाल आहेत एवढ्यावर दारूच्या अमलाखाली असल्याचं सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच म्हटलेलं आहे.

६. भावाला रात्री पोलीस ठाण्यात नेलंय. आम्ही पहिल्या तासात काय करायचं?

आधी कोणत्या पोलीस ठाण्यात आहे ते पक्कं करा. नाकाबंदी वाहतूक शाखेने लावलेली असते आणि गुन्हा स्थानिक ठाण्यात दाखल होतो. लोक चुकीच्या ठाण्याबाहेर तासन्‌तास उभे राहतात.

ठाण्यात गेल्यावर ठाणे अंमलदाराला एकच प्रश्न विचारा: अटक दाखवली आहे की नुसतं बसवून ठेवलं आहे? अटक असेल तर अटक पंचनामा असतो, त्यावर वेळ असते आणि साक्षीदाराची सही असते. त्या साक्षीदाराच्या जागी घरच्या माणसाची सही चालते. सही करण्याआधी वेळ बघा. दहाला आणलेल्या माणसाची अटक पहाटे तीनची दाखवली असेल तर तसं बोलून दाखवा. बाहेर आल्यावर स्वतः पाहिलेली वेळ लिहून ठेवा, शक्य असेल तर वकिलाला लगेच मेसेज करून ठेवा. त्या मेसेजची वेळ पुढे कामाला येते.

अटकेची कारणं सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि जामीनपात्र गुन्हा असल्यास जामिनाचा हक्क सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कारणं लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, वरळीतल्या एका अपघात प्रकरणातच, सगळ्या गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलं. लगेच देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी (कोठडी मागण्यासाठी) न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं; पूर्ण वेळ वकील शेजारी बसवण्याचा हक्क मात्र नाही. प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अपवादात्मक परिस्थितीतच, महिला अधिकाऱ्याने आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने अटक करता येते. ६० वर्षांवरच्या माणसाला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते.

घरून आधार कार्ड, दोन फोटो, नियमित औषधं आणि जामीनदार होऊ शकेल असा माणूस सोबत घ्या. ‘आतल्या ओळखीचा’ म्हणून मध्यस्थी करणाऱ्याला पैसे देऊ नका. सकाळी तो फोन उचलत नाही.

७. नोटीस देऊन घरी सोडलं. म्हणजे सुटलो का?

सुटला नाहीत, अटक टळली आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावलं. आता सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस दिली जाते. नोटिशीत सांगितलेल्या दिवशी जा, गेल्याची पोच घ्या. गेला नाहीत तर त्याच कारणाने अटक होऊ शकते.

८. जामीन ठाण्यात मिळतो की कोर्टातून?

कलम १८५, न्याय संहितेची २८१, १२५ आणि निष्काळजीपणाने मृत्यू (१०६(१)) हे जामीनपात्र आहेत. तिथे जामीन हा हक्क आहे आणि ठाण्यातही देता येतो. आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर त्या माणसाला निर्धन समजून नुसत्या जातमुचलक्यावर (स्वतःच्या लेखी हमीवर) सोडायचं, असं कायदाच सांगतो. सरकारी नोकरावर बलप्रयोग (१३२) आणि सदोष मनुष्यवध (१०५) अजामीनपात्र आहेत. तिथे न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि अटक झालेली नसेल तर अटकपूर्व जामिनाचा विचार त्याच दिवशी करावा लागतो.

९. सगळे सांगतात, कोर्टात जा, ‘गुन्हा कबूल’ म्हणा, दहा हजार भरा, मोकळे व्हा. तसं करू का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात कमी विचार करून दिलं जाणारं उत्तरही याच प्रश्नाचं.

कलम १८५च्या पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. बरेचदा दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा यावर भागतं, म्हणून लोकांना ते महागडं चलान वाटतं. पण तुम्ही दंड भरलेला नसतो, तुम्ही दोषी ठरलेले असता. त्याच्यामागून काय येतं ते बघा. कलम २० नुसार १८५ खाली दोषी ठरवताना न्यायालयाने किमान सहा महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवायचं असतं. पुढच्या वेळी पकडलात तर तो ‘दुसरा गुन्हा’: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. नोकरीच्या फॉर्मवर ‘कधी शिक्षा झाली आहे का’ या रकान्यात ‘नाही’ लिहिणं खोटं ठरतं. आणि कबुलीवर आधारलेल्या शिक्षेविरुद्ध अपिलात फक्त शिक्षेचं प्रमाण किंवा तिची वैधता यावरच बोलता येतं, गुन्हा घडलाच नाही असं म्हणता येत नाही.

याचा अर्थ प्रत्येकाने केस लढवावी असा नाही. आकडा स्पष्ट असेल, कागद नीट असतील, तुमची नोकरी किंवा परवाना यावर अवलंबून नसेल, तर दोन-तीन वर्षं तारखांना हेलपाटे मारण्यापेक्षा कबुली शहाणपणाची असू शकते. तेव्हाही वकील शिक्षेबाबत बोलू शकतो: पहिलाच गुन्हा, वय, घरची जबाबदारी, आणि परिवीक्षा अधिनियम १९५८ खाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती. ट्रक, रिक्षा, टॅक्सी, स्कूल बस चालवून पोट भरणाऱ्याने मात्र कागद वाचल्याशिवाय कबूल म्हणू नये. सहा महिने लायसन्स नाही म्हणजे सहा महिने चूल बंद.

आणखी एक. एकाच केसमध्ये १८५बरोबर न्याय संहितेचं कलमही असेल तर ‘कबूल’ हा शब्द दोन्हींना लागू होतो. कोणत्या कलमाला कबूल म्हणताय ते आधी विचारा.

१०. पोलिसांनी लायसन्स घेतलं. आता गाडी चालवू शकतो का?

१८४, १८५ अशा ठरावीक गुन्ह्यांत पोलीस कलम २०६(४) खाली लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात. त्याची पोचपावती मागा. आरटीओने निलंबनाआधी तुमची बाजू ऐकायची असते. नोटीस आली तर उत्तर द्या, ती कपाटात ठेवू नका. अपात्र ठरल्यावर गाडी चालवणं हा कलम १८२ खाली वेगळा गुन्हा आहे.

११. गाडी ठाण्याच्या आवारात धूळ खातेय. कशी सोडवायची?

मुद्देमाल म्हणून जप्त गाडी न्यायालयाच्या आदेशाने सुपुर्दनाम्यावर (मागाल तेव्हा गाडी हजर करीन अशा लेखी हमीवर) मिळते. अर्जासोबत आरसी, इन्शुरन्स आणि मालकाचं ओळखपत्र लागतं. गाड्या ठाण्यात वर्षानुवर्षं सडवू नका, फोटो आणि पंचनामा करून त्या ताब्यात द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे. गाडी ज्याच्या नावावर आहे त्यानेच अर्ज करायचा. सेकंडहँड घेऊन नाव न बदललेल्यांची इथे पंचाईत होते. अमली पदार्थांच्या केसमध्ये हे अवघड असतं.

१२. वकील कसा निवडू? फी किती द्यायची?

त्या तालुक्याच्या किंवा शहराच्या न्यायदंडाधिकारी कोर्टात रोज उभा राहणारा फौजदारी वकील बघा. मोठ्या शहरातलं नाव आणून प्रत्येक तारखेला प्रवासखर्च भरण्यात अर्थ नसतो. वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, त्यामुळे ‘शंभर टक्के सुटका’ अशी पाटी दिसली तर तिथून पुढे चला. निकालावर ठरणारी फी घेणंही त्यांना वर्ज्य आहे.

पहिल्या भेटीत हे विचारा: फी जामिनापुरती आहे की केस संपेपर्यंत? तारखेला स्वतः याल की ज्युनिअर? कागदांच्या प्रती मला मिळतील का? कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका. न्यायालयाचं नाव आणि केस क्रमांक भरलेला असू द्या. फीची पावती मागायला संकोचू नका.

१३. वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, तसंच स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींना, उत्पन्न न बघता विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ देतो. बाकीच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. १५१०० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. रिमांडच्या वेळी आरोपीने न्यायाधीशांना ‘मला वकील नाही’ एवढं सांगितलं तरी पुरतं. फुकटचा वकील म्हणजे दुय्यम, हा समज सोडा.

१४. फक्त वाद झाला, मी हात लावला नाही. तरी ‘सरकारी कामात अडथळा’ लावलाय.

बोलीत सगळ्यालाच अडथळा म्हणतात, पण कलम कोणतं ते बघा. न्याय संहितेच्या १३२ ला हल्ला किंवा बलप्रयोग लागतो, म्हणजे हात झटकणं, ढकलणं, अंगावर गाडी घालणं. नुसतं मोठ्याने बोलणं त्यात बसत नाही. हा गुन्हा अजामीनपात्र आहे, म्हणून आधी जामीन, नंतर तत्त्वाची लढाई.

इथे व्हिडिओ सगळ्यात उपयोगी. रस्त्यावर चाललेलं सार्वजनिक काम चित्रित करायला बंदी नाही, पण मोबाईल पोलिसाच्या तोंडासमोर धरणं वेगळं. तुमच्याकडचा मूळ व्हिडिओ कापू नका, काही पुसू नका, फोन विकू नका. चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याचा अर्ज वकिलामार्फत लगेच द्या.

१५. गाडी माझा सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता.

मग आरोपी तुम्हीही आहात. कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. ‘मला माहीतच नव्हतं’ हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालतं. मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर अपघातानंतर या प्रकरणांकडे पोलीस आणि मंडळं फार बारकाईने बघतात. बाप आणि मुलगा यांचा बचाव एकमेकांना छेद देणारा असेल तर दोघांना वेगवेगळे वकील द्या.

१६. मागच्या सीटवर मित्राच्या बॅगेत गांजा सापडला. मला माहीत नव्हतं.

हे आता वाहतुकीचं प्रकरण राहिलं नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा १९८५चा कायदा लागतो. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर ‘अल्प’ आणि वीस किलोपेक्षा जास्त असेल तर ‘व्यापारी’ मात्रा धरतात, आणि व्यापारी मात्रेत जामिनाच्या अटी फार कडक आहेत. अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झडती मागण्याचा हक्क कलम ५० देतं, पण तो अंगझडतीपुरता. बॅग आणि गाडीच्या झडतीला तो लागू नाही. बॅग कोणाची, कुठे ठेवलेली, वजन कसं केलं हे पंचनाम्यात काय लिहिलंय यावर सगळं अवलंबून आहे. या केससाठी एनडीपीएस चालवणारा वकीलच घ्या.

१७. अपघातात समोरचा माणूस दगावला. थांबलो असतो तर जमावाने मारलं असतं.

जमावाची भीती खरी असेल तर तिथून निघून थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं चालकाचं कर्तव्य आहे. न्याय संहितेच्या १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पळून जाणाऱ्यांसाठीचं १०६(२), दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं, ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर १ जुलै २०२४ ला लागू होण्यातून वगळलं गेलं. पण दारू प्यायलेली असेल, माणूस फरफटत नेला असेल, तर पोलीस न्याय संहितेचं कलम १०५ (सदोष मनुष्यवध) लावतात आणि केस सत्र न्यायालयात जाते. मृताच्या वारसांची नुकसानभरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात स्वतंत्र चालते. तिकडे दिलेलं उत्तर फौजदारी केसमध्ये उलटू नये म्हणून दोन्ही वकिलांना एकमेकांशी बोलायला लावा.

१८. केस चालू आहे. पासपोर्ट आणि नोकरीचं काय?

फौजदारी केस प्रलंबित असताना पासपोर्टसाठी ती केस चालू असलेल्या न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. माहिती लपवली तर तो वेगळा गुन्हा. राज्य सरकारी कर्मचारी ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर १९७९च्या शिस्त व अपील नियमांनुसार तो निलंबित झाल्याचं मानलं जातं. म्हणून त्यांच्या बाबतीत जामिनाला एक दिवसही उशीर परवडत नाही.

१९. मी गाडी चालवतच नव्हतो. रस्त्याकडेला लावून आत झोपलो होतो.

कलम १८५ ला ‘चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना’ हे शब्द आहेत. इंजिन बंद, चावी खिशात, तुम्ही मागच्या सीटवर, तर हा चांगला बचाव आहे. ड्रायव्हरच्या सीटवर, इंजिन चालू, एसीसाठी का होईना, तर प्रयत्नाचा प्रश्न उभा राहतो आणि साक्षीपुराव्यावर निकाल लागतो. त्या रात्रीच्या पार्किंगची पावती, मित्राला पाठवलेलं लोकेशन, कॅबसाठी केलेलं बुकिंग हे सगळं काढून ठेवा आणि दोषारोपपत्र येण्याआधी वकिलाच्या हातात द्या. पंचनाम्यात चावी कुठे होती याची नोंद आहे का, हे तो सगळ्यात आधी बघेल.